पक्षीमित्र गटात नवे शिक्षण समन्वयक आले की: पहिलं वर्ष कसं लावून द्यावं

पक्षीमित्र गटांना शिक्षण समन्वयक, म्हणजे शाळाशाळांत जाऊन मुलांना पक्ष्यांची ओळख करून देणारं माणूस, मिळतात, पण टिकत नाहीत, ही तक्रार मी गावोगावच्या मंडळींकडून ऐकतो. बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. मासिक बैठकीत गुलाबाचं फूल देऊन स्वागत होतं, व्हॉट्सअॅप गटावर नाव येतं, आणि दुसऱ्या दिवशी हातात एक पेनड्राइव्ह, दोन बॅनर आणि शाळांची जुनी यादी पडते. यादीतल्या निम्म्या मुख्याध्यापकांची बदली झालेली असते. पेनड्राइव्हमधले फोटो कुणी काढले, ते वापरायची परवानगी आहे का, याचा पत्ता नसतो. नव्या माणसाला प्रत्येक शाळेच्या दारात 'आम्ही कोण' इथपासून सुरुवात करावी लागते आणि दिवाळीपर्यंत उमेद संपते.

माझं म्हणणं असं आहे, की अशा गटाची खरी पुंजी ओळखींची असते. कोणत्या शाळेतले कोणते शिक्षक स्वतःहून मुलांना घेऊन निघतात, तलावाच्या काठचे मासेमार कोणाचं ऐकतात, माळावरचे वनरक्षक कधी मोकळे असतात, हे सगळं जुन्या सभासदांच्या डोक्यात असतं. ते नव्या समन्वयकांकडे पद्धतशीर सोपवलं, तर बाकीचं काम ते स्वतः उभं करतात. कसं सोपवायचं ते पुढे क्रमाने लिहितो.

उदाहरण म्हणून सोलापूर डोळ्यांपुढे ठेवलं आहे. शहराच्या मधोमध सिद्धेश्वर तलाव, विजापूर रस्त्याला कंबर तलाव, तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा ब्रिटिशकालीन तलाव आणि बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नजचा माळ. पाणथळ आणि माळरान दोन्ही हाताशी असलेली शहरं थोडी आहेत. तुमच्या गावी तलावाचं नाव वेगळं असेल, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

आधी एक पान लिहून काढा

समन्वयक शोधायच्या आधी किंवा निदान ते रुजू व्हायच्या आधी, कार्यकारिणीने बसून एका पानावर काम लिहावं. वर्षात किती शाळा, महिन्यात किती दिवस, कोणाला विचारून निर्णय घ्यायचा, किती खर्च न विचारता करायचा. त्याच पानावर कोणती कामं त्यांची *नाहीत* हेही लिहा, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. शिक्षण समन्वयक म्हणून आलेल्या माणसाकडे हळूहळू फेसबुक पान, जखमी पक्ष्यांचे फोन, संमेलनाची निवासव्यवस्था आणि वर्तमानपत्राला बातमी देणं, सगळंच येऊन पडतं. तरुण सभासद असेल तर हमखास. कोणी नाही म्हणत नाही, कारण नवं माणूस संकोचतं. म्हणून ते नाही गटानेच आधी लिहून ठेवावं.

मानधन देणार की काम स्वयंसेवी आहे, हेही त्याच पानावर येऊ द्या. स्वयंसेवी असलं तरी प्रवासखर्च, झेरॉक्स आणि फोनचा खर्च गटाचा. तो त्याच महिन्यात परत द्या. स्कूटरच्या पेट्रोलचे पैसे मागायची वेळ ज्या माणसावर येते, तो लांबच्या गावातली शाळा हळूच यादीतून गाळतो, आणि आपल्याला जायचं असतं नेमकं त्याच शाळेत.

पान तयार झालं की ते समन्वयकांसोबत वाचा आणि त्यांच्या सूचनेने बदला. निवृत्त शिक्षक असतील तर शाळेचं कामकाज त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. नुकतंच पदवीचं शिक्षण संपवलेली मुलगी असेल तर पक्ष्यांची ओळख पक्की असेल, पण मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलायचा सराव नसेल. दोघांना लागणारी मदत वेगळी आहे.

ओळखींची वही

दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाइलमधली यादी माणसाबरोबर निघून जाते, वही गटाकडे राहते. प्रत्येक शाळेला दोन पानं द्या. पहिल्या पानावर शाळेचं माध्यम, वेळ, मुख्याध्यापक, आणि सगळ्यात आवश्यक म्हणजे तिथला 'आपला' शिक्षक कोण. बहुतेक शाळांत असा एकच माणूस असतो. कधी परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाई, कधी हरित सेनेचे सर, तर कधी चित्रकलेचे शिक्षक. दुसऱ्या पानावर आजवर तिथे काय झालं ते लिहा. कोणत्या वर्गाबरोबर बसलो, काय दाखवलं, काय फसलं. 'सातवीला स्लाइड शो दाखवला, पडदे नव्हते, काही दिसलं नाही' एवढी एक ओळ नव्या माणसाचा अख्खा तास वाचवते.

शाळांनंतर जागांची पानं. हिप्परग्याला गाडी कुठे लावायची, कोणत्या बाजूने गेलं की सकाळचं ऊन डोळ्यांवर येत नाही, पाण्याची खोली कुठे एकदम वाढते, मुलींसाठी जवळ स्वच्छतागृह कुठे आहे. हा शेवटचा मुद्दा पुरुष सभासदांच्या लक्षात येत नाही आणि त्यापायी कित्येक सहलींतून आठवी-नववीच्या मुली गळतात. जवळच्या एखाद्या घराशी, मंदिराशी किंवा शाळेशी आधी बोलून ठेवलेलं असेल, तर त्या घरच्या काकूंचं नाव वहीत हवं.

मग माणसं. वनरक्षक, तलावाचे चौकीदार, मासेमार, माळालगतचे शेतकरी, मेंढपाळ. आणि कोणती जागा कोणत्या खात्याची, हेही. अभयारण्य वन्यजीव विभागाचं, आसपासचा काही माळ प्रादेशिक वनविभागाचा, गायरान गावाचं, मोठा तलाव पाटबंधारे खात्याचा, शहरातला महापालिकेचा. परवानगीचं पत्र चुकीच्या टेबलावर गेलं की सहल महिनाभर पुढे जाते आणि तोवर पाहुणे पक्षी उठून गेलेले असतात.

ही वही भरायला जुन्या सभासदांना एक रविवार एकत्र बसवा. चहा-पोहे ठेवा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. लोक लिहा म्हटलं की टाळतात, सांगा म्हटलं की दुपार करतात.

पहिले पंधरा दिवस नुसतं हिंडणं

या काळात समन्वयकांवर एकही कार्यक्रम टाकू नका. त्यांनी जुन्या सभासदांबरोबर फिरावं, दर वेळी वेगळ्या माणसाबरोबर. एकजण पाणपक्ष्यांत मुरलेला असतो. चक्रवाक, पट्टकादंब, थापट्या, तलवार बदक तो लांबून उडण्यावरून ओळखतो. दुसऱ्याचा जीव माळावर असतो. शिक्षण समन्वयकाला तज्ज्ञ व्हायची गरज नाही, पण आपल्या भागातले पन्नास-साठ नेहमीचे पक्षी आवाजासकट ओळखता यायला हवेत. शाळेच्या आवारात दिसणारे वीस तर झोपेतही.

माळाला जास्त वेळ द्या. तलाव कुणालाही पटकन आवडतो. पाणी असतं, मोठे पक्षी असतात, फोटो चांगले येतात. माळ पाहायला शिकावं लागतं. मुलांच्याच काय, मोठ्यांच्याही डोक्यात 'पडीक जमीन' हा शब्द इतका बसलेला आहे, की गवताला कुणी परिसंस्था समजत नाही. नान्नजचं अभयारण्य १९७९चं, ते माळढोकासाठी झालं. आज जगभरात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता एखादा दिसला तरी बातमी होते. माळ नांगरला गेला, कुरणं तुटली, वर विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि वजनामुळे तो ऐनवेळी वळूही शकत नाही, म्हणून तारांवर आदळतो. नव्या समन्वयकांनी हे वाचून समजून घ्यावंच, पण त्याआधी तिथे पहाटे उभं राहून गवतावरून खालच्या उंचीने तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी पाहावा. धाविक दहा पावलं धावून थबकतो ते पाहावं. डोंबारी चंडोलाचा नर हवेत वर चढतो आणि शीळ घालत खाली झेपावतो ते पाहावं. ज्याला माळ आवडला, तोच मुलांना माळ आवडायला लावू शकतो.

याच फेऱ्यांत ओळखी करून द्या. 'हे आपले नवे समन्वयक, यापुढे मुलांना घेऊन हे येतील,' हे वाक्य जुन्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, त्या जागी उभं राहून, वनरक्षकांना आणि मासेमारांना सांगितलं पाहिजे. फोनवरून केलेली ओळख इथे चालत नाही.

शाळेच्या दारात

जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, प्रत केंद्रप्रमुखांना. पत्रापेक्षा उपयोगी म्हणजे केंद्राची शिक्षण परिषद. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक तिथे एकत्र येतात. केंद्रप्रमुखांना विनंती करून तिथे पंधरा मिनिटं मागून घ्या आणि समन्वयकांना बोलू द्या. भाषण नको. शिक्षकांना विचारा, 'तुमच्या शाळेच्या आवारात कोणतं झाड आहे आणि त्यावर काय येतं?' त्या उत्तरांतूनच पुढच्या वर्षाचे साथीदार सापडतात.

वेळ मागताना शनिवार मागा. राज्यात २०२४पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहे, त्यामुळे त्या दिवशी अशा उपक्रमाला शाळा सहज होकार देतात. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस आणि स्नेहसंमेलनाचा काळ टाळा.

पहिल्या तीन-चार शाळांत जुन्या सभासदाने सोबत जावं, मागच्या बाकावर बसावं आणि गप्प राहावं. हे कठीण जातं. समन्वयकांनी 'लालबुड्या बुलबुल' म्हणताच मागून त्याची आणखी माहिती द्यायची ऊर्मी येते. आवरा. मुलांनी कोणाकडे बघायचं हे पहिल्या तासालाच ठरतं.

सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरून आलेल्या समन्वयकांना कुणी सांगत नाही. इथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत, आणि मराठी शाळेतल्या अनेक मुलांची घरची भाषा वेगळी असते. वर्गात चिमणीला घरी काय म्हणतात असं विचारलं, तर गुब्बच्ची, पिच्चुक अशी नावं येतात. ती सगळी फळ्यावर लिहा. घरात गप्प राहणारी आजीही मग या कामात येते, कारण मूल घरी जाऊन तिला आणखी नावं विचारतं. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली याच शहरात १९३२ साली जन्मले. घरची भाषा तेलुगू होती आणि मराठीला पक्ष्यांची, झाडांची केवढी शब्दसंपदा ते देऊन गेले. सोलापूरच्या मुलांना हे कळायला हवं.

पहिली तासिका

पस्तीस-चाळीस मिनिटं, चाळीसेक मुलं आणि गटाकडे फार तर सहा दुर्बिणी. या मापात बसेल असाच पहिला तास आखा. पडद्यावरचा कार्यक्रम पहिल्या दिवशी नको. पडद्यावर मुलांना अमेरिकेतला गरुडही दिसतो. खिडकीबाहेरच्या कडुलिंबावर काय आहे, हे दाखवायला आपण आलो आहोत.

सुरुवात प्रश्नाने करा: आज घरून शाळेत येताना कोणता पक्षी पाहिला? कावळा, चिमणी, कबुतर येतील. मग विचारा, तो काय करत होता? इथे वर्ग थांबतो. पक्षी दिसला होता, पण काय करत होता ते कुणी पाहिलेलं नसतं. हाच धागा धरायचा. मुलांना पाच-पाचच्या गटांत आवारात सोडा, दहा मिनिटं द्या आणि एकच काम द्या. एक पक्षी निवडा, तो नजरेआड होईपर्यंत काय काय करतो ते वहीत लिहा. नाव माहीत नसलं तरी चालेल. 'काळा, शेपटी दुभंगलेली, तारेवर बसला, खाली झेपावला, किडा पकडला, परत त्याच तारेवर' एवढं ज्या मुलाने लिहिलं, त्याला कोतवाल कळला. नाव शेवटच्या पाच मिनिटांत सांगा, म्हणजे ते चिकटतं.

दुर्बीण दुसऱ्या भेटीत. ८ बाय ४२ मापाची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) मुलांना झेपते आणि प्रतिमा फारशी हलत नाही. दोघांत एक द्या, पट्टा गळ्यात घातल्याशिवाय हातात नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची, हे सगळ्यांकडून शाळेच्या पाटीवरची अक्षरं वाचून घेत शिकवा. आणि दर वेळी, न कंटाळता सांगा: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही बघायचं नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो. पूर्वेला तोंड करून सकाळी मुलांना दुर्बिणी देऊच नका.

मराठीतली चित्रं, तक्ते, खेळ यासाठी सगळं नव्याने करत बसायची गरज नाही. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या 'अर्ली बर्ड' उपक्रमाने भारतीय भाषांत चांगलं साहित्य केलं आहे. ते घ्या आणि स्थानिक पक्ष्यांचा एक तक्ता तेवढा आपला स्वतःचा करा. तक्त्यावरच्या प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव असू द्या.

माळावर आणि काठावर

सहलीला एका वेळी तीसपेक्षा जास्त मुलं नकोत, दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. शाळेचा आग्रह असतो की बस केलीच आहे तर साठ नेऊ. नम्रपणे नाही म्हणा, दोन फेऱ्या करा. पालकांचं संमतीपत्र, प्रथमोपचार पेटी, पाणी, टोप्या, ओआरएसची पाकिटं. सोलापुरात फेब्रुवारी संपला की नऊनंतर मुलांना उघड्यावर ठेवू नये. तलावावर पाण्यापासून किती अंतरावर थांबायचं ती रेघ आधी ठरवा आणि एका मोठ्या माणसाला तेवढंच काम द्या, पक्षी दाखवायचं नाही.

माळावर वाट सोडायची नाही. कारण समजावून सांगा. टिटवी, चंडोल, धाविक जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे खड्यांमध्ये एक उथळ खळगा, त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत वळलेली, रंग आसपासच्या मातीसारखाच. दोन हातांवरून दिसत नाही. हे एकदा फोटोत दाखवलं की मुलं आपोआप पाय जपून टाकतात. उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत, शाळेची सहल माळावर नेऊच नये. घरट्याची जागा व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचं नाही, हे नियम आधी गटातल्या छायाचित्रकारांनी पाळले तरच समन्वयकांना मुलांपुढे ताठ मानेने सांगता येतात.

मुलांची सुरक्षितता

यावर गट बोलायला लाजतात, कारण सगळे घरातलेच वाटतात. तरी लेखी नियम करा. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाकडून पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्या, समन्वयकांकडून आणि स्वयंसेवकांकडूनही. कोणतंही मोठं माणूस एकट्या मुलासोबत नजरेआड राहणार नाही. मुलांना थेट खाजगी संदेश नाहीत, जे काही ते पालक किंवा शिक्षकांमार्फत. मुलांचे ओळखू येतील असे फोटो शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. काही वावगं घडल्याचं कळलं, तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गटात बसून मिटवता येत नाही. नव्या समन्वयकांना हे पहिल्याच आठवड्यात सांगा. यात त्यांचंही संरक्षण आहे.

अवघड प्रश्न

समन्वयकांची खरी परीक्षा इथे होते, त्यामुळे यावर एक संध्याकाळ काढाच. जुन्या सभासदांनी मुलं व्हावं आणि हे प्रश्न विचारावेत.

'सर, भोरड्या आमची ज्वारी खातात.' याचं उत्तर सोलापूरच्या मालदांडी ज्वारीच्या पट्ट्यात जपून द्यावं लागतं. खातात, हे आधी मान्य करा. हुरड्यात आलेल्या शेतावर थवा उतरला तर नुकसान होतंच. मग त्या मुलालाच विचारा, घरी राखण कोण करतं, गोफण कोण चालवतं, थवा किती वाजता येतो. वर्गातला जाणकार तो होतो. त्यानंतर सांगा की हा पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून येतो, वाटेत आणि तिकडे टोळ, नाकतोडे मोठ्या प्रमाणावर खातो, आणि उन्हाळा लागताना परत जातो. शेतकऱ्याच्या मुलाला पक्ष्यांचं प्रेम शिकवायला जाऊन त्याच्या बापाचं नुकसान झटकून टाकलं, तर ते घर आपल्याला कायमचं तुटतं.

'घुबड दिसलं की कुणीतरी मरतं.' हसू नका, 'अंधश्रद्धा' म्हणून तोडूनही टाकू नका. मुलाने ते घरच्या मोठ्यांकडून ऐकलं आहे. गव्हाणी घुबड ज्या जुन्या वाड्यात किंवा झाडावर बसतं, त्याखाली न पचलेल्या केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या पडलेल्या असतात. त्यातली एक तिथेच काडीने उकला. उंदराच्या कवटीचे तुकडे, दात, बारीक जबडे निघतात. एका घुबडाने एका रात्रीत धान्याच्या कोठारासाठी काय केलं, ते मुलं स्वतः मोजतात. नंतर हात साबणाने धुवायला लावा.

'आमच्या घरी पिंजऱ्यात पोपट आहे.' हे दर शाळेत येतं. आपल्याकडचे पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे वर्गाला सर्वसाधारण माहिती म्हणून सांगा. पण त्या मुलाकडे बोट दाखवून नको. ते घाबरेल, आणि पुढच्या वेळी कोणतंच मूल खरं बोलणार नाही. नंतर शिक्षकांमार्फत पालकांशी बोला. पोपट खिडकीतून सोडून देऊ नका हेही सांगा. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर तग धरत नाही. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक द्या.

वर्षाचं गणित

सरकारी दिनदर्शिका आणि पक्ष्यांची दिनदर्शिका जुळत नाहीत, आणि शाळेची तिसरीच असते. तिन्ही एका कागदावर मांडून समन्वयकांना द्या.

जून-जुलैत पाऊस, नवे वर्ग, शिक्षकांची धावपळ. तेव्हा सुगरणीची घरटी दाखवा. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर नर कसं विणतात हे लांबून पाहता येतं. ऑगस्टअखेर भोरड्या येऊ लागतात, पाठोपाठ सप्टेंबर-ऑक्टोबरात भोवत्ये आणि पाणपक्षी.

राज्यात २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ तारीख चितमपल्लींची जन्मतारीख, १२ तारीख पक्षितज्ज्ञ सालीम अली यांची. सगळे गट या आठवड्यावर सगळा जोर लावतात आणि कित्येकदा नेमकी दिवाळीची सुट्टी असते. २०२६मध्ये तर लक्ष्मीपूजनच ८ नोव्हेंबरला आहे. अशा वर्षी शाळांचे कार्यक्रम सुट्टी लागण्याआधी उरका आणि सप्ताहात गल्लीतल्या मुलांबरोबर, कुटुंबांबरोबर फेऱ्या ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत वेळ अमावास्या येते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या बाजूला त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं, भज्जी आणि आंबील असते, शहरातली मुलंही गावी गेलेली असतात. आधीच्या आठवड्यात मुलांना एक छोटा कागद द्या: शेतात किती प्रकारचे पक्षी दिसले, ते काय खात होते, आजोबा त्यांना काय म्हणतात. सगळ्यात सुरेख माहिती या कागदांवर परत येते. माझा हा फार आवडता उपक्रम आहे आणि त्याला बस लागत नाही, परवानगी लागत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आणि संक्रांत. शाळांना सुट्ट्या, आकाशात पतंग. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो मिळतो आणि घारी, बगळे, पोपट त्यात कापले जातात. हा विषय जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात घ्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मांजा विकत घेऊन झालेला असतो. याच महिन्यात आशियाई पाणपक्षी गणना असते. समन्वयकांनी तिथे मोजणी शिकावी आणि निवडक नववीची मुलं सोबत न्यावीत. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन, त्याच महिन्याच्या मध्यावर चार दिवसांची 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही जगभर होणारी पक्षीगणना. आवारात पंधरा मिनिटं उभं राहून मोजलं तरी त्यात नोंद करता येते, म्हणून शाळांना ती जमते. मार्चपासून सकाळची शाळा आणि परीक्षा. थांबा.

तीन महिन्यांनी बसा

अध्यक्ष, समन्वयक आणि सुरुवातीला सोबत गेलेला जुना सभासद, एवढेच. किती मुलांपर्यंत पोचलो हा आकडा अहवालात लागतो, तो द्या, पण बैठकीत त्यावर वेळ घालवू नका. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. कोणत्या शाळेने स्वतःहून पुन्हा बोलावलं? कोणत्या शिक्षकांनी आपल्याशिवाय मुलांना बाहेर नेलं? वहीतल्या कोणत्या ओळखी आता चालत नाहीत? गटातलं कोण मधे मधे येतं? शेवटचा प्रश्न अध्यक्षांनी विचारावा आणि नाव ऐकल्यावर त्या सभासदाशी स्वतः बोलावं.

या बैठकीत समन्वयक काही बदल सुचवतील. वार्षिक चित्रकला स्पर्धा बंद करून त्याऐवजी चार शाळांना दर महिन्याला भेटू, असं म्हणतील. स्पर्धेत शंभर चित्रं येतात, बक्षीस समारंभाला नगरसेवक येतात, बातमी छापून येते, म्हणून गटाला ती सोडवत नाही. माझं मत समन्वयकांच्या बाजूने आहे. एकदा भेटलेली चारशे मुलं आणि दहा वेळा भेटलेली चाळीस मुलं यांत पुढे माळावर परत येणारी दुसऱ्यातली असतात. निदान एक वर्ष त्यांच्या पद्धतीने होऊ द्या.

आणि पुढच्या वर्षाची तयारी एप्रिलमध्येच. त्या वर्षीच्या शाळांची पानं समन्वयकांनी स्वतःच्या अक्षरात वहीत भरावीत, खालच्या ओळीत प्रत्येक शाळेतल्या 'आपल्या' शिक्षकांची बदली होणार आहे का ते लिहावं. जूनच्या भेटींची पत्रं निकालाच्या दिवसापर्यंत शाळांत पोचलेली असावीत. मे महिन्यात गेलेलं पत्र थेट फायलीत जातं आणि जूनमध्ये ते कुणाला आठवत नाही.